हातानं चालतं, रात्री पडतं : टेसरॅक्ट सोर्समधून कंपाइल करताना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या मराठी मासिकांचे बांधीव खंड काही वर्षांपासून स्कॅन होत होते. पानांची चित्रं जमली, पण चित्रात शोधता येत नाही. म्हणून २०२२च्या सुरुवातीला तीन-चार जणांनी ठरवलं की टेसरॅक्ट वापरून त्या पानांतला मजकूर काढायचा. जवळच्या कॉलेजनं आपल्या सर्व्हरवर एक खातं दिलं. रूटचे, म्हणजे सर्व्हरवर हवं ते बसवण्याचे, अधिकार अर्थातच दिले नाहीत.

मंडळी अशी. एक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जी संगणकाची सगळी बाजू बघत होती. एक निवृत्त कंपोझिटर काका, ज्यांनी आयुष्य खिळे जुळवण्यात घालवलं आणि आता टेसरॅक्टनं काढलेल्या मजकुराची प्रुफं वाचत होते. ग्रंथपाल सर. आणि अडलं की फोन येणारा मी. नावं, गाव आणि कॉलेज इथे मुद्दाम दिलेलं नाही.

टेसरॅक्ट काय चीज आहे ते थोडक्यात सांगतो. एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ या काळात तयार झालेला हा अक्षरओळख करणारा प्रोग्राम २००५ साली मुक्त झाला आणि पुढे गूगलच्या पाठबळानं वाढला. चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्क आलं, पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१च्या अखेरीस आली. चित्राची फाइल उघडून वाचणं हे काम तो स्वतः करत नाही. ते लेप्टोनिका नावाची वेगळी लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) करते. आणि लेप्टोनिकाही पीएनजी, टिफ, जेपीईजी स्वतः उलगडत नाही, त्यासाठी ती आणखी खालच्या लायब्ररींवर विसंबते. ही उतरंड लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातच घडलं.

सर्व्हरवर उबुंटू २०.०४ होतं आणि त्यात टेसरॅक्ट ४.१.१ आधीपासून होतं. ते मराठी वाचतही होतं. पण काकांची तक्रार होती की दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या अशा शब्दांतला र हमखास बिघडतो, आणि जुन्या खिळ्यांतली काही जोडाक्षरं तर ओळखूच येत नाहीत. 'हे तुमचं यंत्र हिंदी शिकून आलंय,' असं त्यांचं मत. म्हणून दोन गोष्टी हव्या होत्या : पाचवी आवृत्ती, आणि मराठीचं मॉडेल या खिळ्यांवर पुन्हा शिकवण्यासाठी लागणारी ट्रेनिंगची साधनं.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांना सांगून तयार पॅकेज बसवून घेणं. उबुंटूच्या मूळ भांडारात पाचवी आवृत्ती नव्हती, बाहेरचं भांडार जोडावं लागलं असतं, आणि कॉलेजच्या सर्व्हरवर बाहेरचं भांडार जोडायला ते तयार नव्हते. त्यांचं चूक म्हणता येणार नाही. दुसरा मार्ग डॉकरचा, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या गरजांसकट बंद डब्यात चालवण्याचा, होता, पण त्यालाही त्या सर्व्हरवर परवानगी नव्हती. तिसरा मार्ग म्हणजे आपल्या घर-डिरेक्टरीतच सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, सगळं स्वतः कंपाइल करणं.

विद्यार्थिनीनं तिसरा मार्ग घेतला. मीही मान डोलावली. त्या वेळी एक प्रश्न आम्ही दोघांनीही विचारला नाही : सर्व्हरवर नक्की काय कंपाइल करायला हवं आहे? पाचवं टेसरॅक्ट, हे उत्तर इतकं उघड वाटलं की प्रश्नाची गरजच भासली नाही.

पहिला अडथळा : बसवलेली लेप्टोनिका दिसत नाही

तिनं लेप्टोनिका १.८२.० उतरवून घेतली. नवं टेसरॅक्ट म्हणजे नवी लेप्टोनिका, असा तिचा हिशेब. घर-डिरेक्टरीत 'साधने' नावाचा फोल्डर करून कॉन्फिगर या मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टला तोच प्रीफिक्स, म्हणजे बसवायची जागा, दिला, मग मेक (कंपाइल करणं), मग मेक इन्स्टॉल (बसवणं). एकही एरर नाही.

मग टेसरॅक्ट ५.०.१. गिटहबवरून उतरवलेल्या सोर्समध्ये तयार कॉन्फिगर नसतं, ते आधी ऑटोजेन स्क्रिप्ट चालवून बनवावं लागतं. तेही बनलं. पण कॉन्फिगर चालवल्यावर ते मध्येच थांबलं : लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची लागेल, लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज बसवून बघा.

'सर, मी १.८२ बसवलीय आणि हा म्हणतो १.७४ हवी!' असा तिचा मेसेज आला.

इथे बहुतेक जण एरर जशीच्या तशी शोधपेटीत टाकतात. त्यातून उत्तर मिळतंही, पण कारण कळत नाही. कॉन्फिगर आपण काय काय तपासलं ते कॉन्फिग.लॉग या फाइलीत लिहून ठेवतं. मात्र ती फाइल शेवटापासून वाचून उपयोग नसतो, कारण शेवटी नुसती चलांची लांबलचक यादी असते. 'कॅश व्हेरिएबल्स' अशी चौकटीतली ओळ शोधायची आणि तिच्या लगेच वर बघायचं. मूळ दुखणं तिथे सापडतं. तिथे पीकेजी-कॉन्फिगनं, म्हणजे बसवलेल्या लायब्ररींचा पत्ता सांगणाऱ्या साधनानं, स्वच्छ लिहिलं होतं की 'लेप्ट' नावाचं पॅकेज शोधमार्गात सापडलं नाही, लेप्ट.पीसी ही फाइल जिथे आहे तो पत्ता पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये घाला.

म्हणजे 'लेप्टोनिका जुनी आहे' असं कॉन्फिगरला म्हणायचंच नव्हतं, त्याला ती दिसतच नव्हती. नसणं आणि जुनी असणं या दोन्हींसाठी स्क्रिप्टमध्ये एकच वाक्य लिहिलेलं आहे. 'साधने'मधल्या पीकेजीकॉन्फिग फोल्डरचा पत्ता दिला आणि कॉन्फिगर पुढे सरकलं.

पुढे मेक. तिनं 'मेक -जे' असं आकडा न देताच चालवलं. आकडा नसला की मेक जमतील तितकी कामं एकदम सुरू करतं. मेमरी भरली आणि सिस्टिमनं कंपायलर मारून टाकला, वर सर्व्हरवरच्या इतरांची कामं अडली ती वेगळीच. '-जे ४' दिल्यावर मेक बिनबोभाट पार पडलं. टेसरॅक्टनं आपली आवृत्ती ५.०.१ सांगितली. तिनं एक पान दिलं, मजकूर आला. गटावर पेढ्याची चित्रं फिरली.

खरी अडचण

पानं हजारोंनी होती आणि दिवसा सर्व्हर विद्यार्थ्यांना लागायचा. म्हणून तिनं क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत, रात्रीचं काम लावलं. सकाळी बघते तर एकाही पानाचा मजकूर नाही. लॉगमध्ये प्रत्येक पानासाठी तोच मजकूर : पिक्सरीडस्ट्रीमपीएनजी या फंक्शनमध्ये एरर, 'फंक्शन नॉट प्रेझेंट', आणि त्याखाली चित्र वाचता आलं नाही अशा आणखी दोन ओळी.

तीच आज्ञा तिनं टर्मिनलवर हातानं दिली, तर मजकूर आला.

पुढचे दोन दिवस अंदाज बांधण्यात गेले. क्रॉन कदाचित जुनंच ४.१.१ चालवत असेल? नाही, आज्ञेत पूर्ण पत्ता होता. फाइलींच्या परवानग्या? ठीक होत्या. पीएनजी बिघडल्या असतील? मग त्याच फाइली हातानं कशा चालतात? तरीही तिनं काही पानं पुन्हा सेव्ह करून पाहिली. ग्रंथपाल सरांनी तर स्कॅनर बदलायची तयारी दाखवली.

माझ्याकडे फोन आला तेव्हा मी एकच गोष्ट सुचवली. तर्क नंतर करू. क्रॉनच्याच कामात, पहिल्या ओळीला, टेसरॅक्टला आवृत्ती छापायला लाव आणि ती लॉगमध्ये येऊ दे. मग तीच आज्ञा हातानं दे, आणि दोन्ही शेजारी ठेव.

हातानं दिल्यावर : टेसरॅक्ट ५.०.१, खाली लेप्टोनिका १.७९.०, आणि त्याखाली लिबजेपीईजी, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब अशी नावं त्यांच्या आकड्यांसकट.

क्रॉनमधून : टेसरॅक्ट ५.०.१, खाली लेप्टोनिका १.८२.०. आणि त्याखाली काहीच नाही.

म्हणजे टेसरॅक्ट दोन्हीकडे एकच होतं, पण त्याला मिळणारी लेप्टोनिका वेगवेगळी होती. आणि गंमत अशी की आपण कंपाइल केलेली १.८२ पांगळी होती, आणि हातानं चालवताना जी धावत होती ती सिस्टिमची जुनी १.७९ होती. पहिल्या दिवशी पेढे वाटले गेले ते चुकीच्या लेप्टोनिकाच्या कर्तबगारीवर.

असं का झालं

दोन वेगळ्या चुका एकमेकींना झाकत होत्या.

पहिली चूक बिल्डची. लेप्टोनिकाचं कॉन्फिगर पीएनजी, टिफ, जेपीईजी या लायब्ररी आहेत का ते तपासतं. सर्व्हरवर त्या लायब्ररी चालण्यापुरत्या होत्या, पण कंपाइल करताना लागणाऱ्या त्यांच्या हेडर फाइली, म्हणजे उबुंटूत '-डेव्ह' नावानं येणारी पॅकेजं, नव्हती. कॉन्फिगरच्या लेखी या लायब्ररी ऐच्छिक आहेत. म्हणून सापडल्या नाहीत तर ते थांबत नाही, 'नो' एवढंच छापून पुढे जातं. मग त्या जागी नावापुरती फंक्शनं भरली जातात. बोलावलं की ती एवढंच म्हणतात : फंक्शन नॉट प्रेझेंट. यात लेप्टोनिकाचा दोष नाही. एखाद्या छोट्या उपकरणात फक्त बीएमपी वाचणारी लेप्टोनिका हवी असणारी माणसंही आहेत, त्यांच्यासाठी ही सोयच आहे. पण शेकडो 'येस'च्या पुरात ते पाच-सहा 'नो' आमच्या डोळ्यांसमोरून वाहून गेले.

दुसरी चूक विद्यार्थिनीच्या .बॅशआरसी फाइलीत, जी टर्मिनल उघडताना वाचली जाते. आधीच्या सेमिस्टरला कॅमेऱ्याच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी तिनं एलडी_लायब्ररी_पाथ या चलामध्ये सिस्टिमच्या लायब्ररी फोल्डरचा पत्ता घातला होता आणि ती ओळ तिथेच राहिली. प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी शोधून देणारा लोडर आधी या चलात सांगितलेल्या जागी बघतो, आणि मग बायनरीत, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्राममध्ये, कोरलेल्या रनपाथमध्ये. आमच्या बायनरीत 'साधने'चा रनपाथ बरोबर कोरलेला होता. पण चलाचा मान आधी. सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जुन्या टेसरॅक्टबरोबर आलेली लेप्टोनिका १.७९ बसलेलीच होती, आणि तिचं आणि १.८२चं फाइलनाव एकच : लिबलेप्ट.एसओ.५. लोडरनं पहिली दिसली ती उचलली.

क्रॉन .बॅशआरसी वाचत नाही. त्यामुळे रात्री ते चल नसायचं, लोडर रनपाथवर जायचा आणि आम्ही स्वतः कंपाइल केलेली, पीएनजी न वाचणारी लेप्टोनिका त्याला मिळायची. एलडीडी ही आज्ञा प्रोग्राम कोणती लायब्ररी कुठून घेतो ते दाखवते. ती दोन्ही परिस्थितींत चालवून पाहिल्यावर शंकेला जागा उरली नाही.

इथे काय करता आलं असतं

या टप्प्यावर चार वाटा समोर होत्या.

क्रॉनच्या कामातही तेच एलडी_लायब्ररी_पाथ घालायचं. एका ओळीत काम झालं असतं. पण मग आपण १.८२च्या हेडरवर कंपाइल करून १.७९ वर चालवतो आहोत हे कायमचं झाकलं गेलं असतं. खरं सांगायचं तर दोन रात्री आम्ही हेच केलं, कारण काकांना प्रुफं हवी होती आणि ते रोज सकाळी फोन करत.

सगळी पानं पीएनएम स्वरूपात बदलून घ्यायची. लेप्टोनिका हे स्वरूप बाहेरच्या लायब्ररीशिवाय वाचते. पण त्यात चित्र जवळपास न दाबता साठवलं जातं आणि सर्व्हरवरचा आमचा कोटा लहान होता.

आपली लेप्टोनिका फेकून देऊन सिस्टिमच्या १.७९ वरच टेसरॅक्ट कंपाइल करायचं. त्यासाठी फक्त तिच्या हेडर फाइली हव्या होत्या. ही वाट मला तेव्हा सुचली नाही. याबद्दल पुढे बोलतो.

आणि शेवटची : चित्रांच्या लायब्ररीही 'साधने'मध्ये कंपाइल करायच्या आणि त्यांवर लेप्टोनिका पुन्हा उभी करायची. आम्ही ही निवडली. डेव्ह पॅकेजांसाठी सर्व्हरवाल्या सरांना मेल टाकला होता, पण परीक्षा सुरू असल्यानं उत्तर कधी येईल याचा भरवसा नव्हता.

काय केलं

क्रम उतरंडीच्या तळापासून : आधी झेडलिब, मग लिबपीएनजी, मग लिबजेपीईजी-टर्बो, मग लिबटिफ, मग लेप्टोनिका, सर्वांत वर टेसरॅक्ट.

.बॅशआरसीतली ती ओळ सर्वांत आधी काढली. मग झेडलिब झालं. लिबपीएनजीनं मात्र लगेच पाय रोवले : झेडलिब इन्स्टॉल केलेलं नाही. पीकेजी_कॉन्फिग_पाथ दिलेलं असूनही? हो, कारण लिबपीएनजीचं कॉन्फिगर झेडलिबसाठी पीकेजी-कॉन्फिगला विचारतच नाही. ते छोटा प्रोग्राम कंपाइल करून बघतं. त्याला हेडर कुठे आहेत ते सीपीपीफ्लॅग्जमधून आणि लायब्ररी कुठे आहे ते एलडीफ्लॅग्जमधून सांगावं लागतं. तिनं त्या आज्ञेपुरतं ते दिलं आणि लिबपीएनजी झालं. लिबजेपीईजी-टर्बो सीमेक या दुसऱ्या बिल्ड पद्धतीवर चालतं, ते वेगळ्या वळणानं पण विनातक्रार झालं.

लिबटिफ ४.३.० एका फटक्यात झालं. लेप्टोनिकाही झाली. टेसरॅक्टनं आवृत्ती छापली, खाली लिबपीएनजी, लिबटिफ सगळी नावं. रात्रीचं काम लागलं. सकाळी काकांना प्रुफं मिळाली.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. 'आतली पानं आली, पण मुखपृष्ठं आणि रंगीत जाहिराती कुठायत?'

लॉगमध्ये त्या फाइलींपुढे लिबटिफचा इशारा होता की जेपीईजी कॉम्प्रेशनची सोय या बिल्डमध्ये नाही. पहिल्या रात्रीची पानं पीएनजीत होती, ही टिफमध्ये. टिफ हे खरं तर पाकीट आहे, आत चित्र वेगवेगळ्या प्रकारे दाबून भरलेलं असू शकतं. आतली काळी-पांढरी पानं ग्रुप ४ या फॅक्सच्या पद्धतीनं दाबलेली होती, ते लिबटिफ स्वतः उलगडतं. रंगीत पानं स्कॅनरनं जेपीईजीनं दाबली होती, त्यासाठी लिबटिफला लिबजेपीईजी हवी होती. लिबजेपीईजी तर आम्ही कंपाइल केली होती!

केली होती, पण लिबटिफला तिचा पत्ता दिला नव्हता. लिबपीएनजीच्या वेळी दिलेले सीपीपीफ्लॅग्ज त्या एकाच आज्ञेपुरते होते. लिबटिफचं कॉन्फिगरही पीकेजी-कॉन्फिगला विचारत नाही. फरक इतकाच की झेडलिब नसेल तर लिबपीएनजी ओरडतं आणि थांबतं, लिबटिफ मात्र शेवटी एक यादी छापून शांत बसतं. त्या यादीत जेपीईजी आणि झेडलिब दोन्हींपुढे 'नो' लिहिलेलं होतं. म्हणजे लेप्टोनिकाच्या वेळची चूक एक पायरी खाली उतरून आम्ही तशीच्या तशी पुन्हा केली होती. आणि या वेळी मी फोनवर होतो. तिनं सगळी यादी मला पाठवली होती, मी अंगठा दाखवला होता. दोष वाटून घ्यायचा तर अर्ध्याहून जास्त माझा.

यानंतर कामाची पद्धत बदलली. सगळ्या पायऱ्या एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहिल्या. सुरुवातीलाच पीकेजी_कॉन्फिग_पाथ, सीपीपीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्ज एकदाच ठरवले, म्हणजे सगळ्यांना तेच मिळतील. 'सेट -ई' घातलं, म्हणजे एक पायरी फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट. लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरला आता नुसतं सोडलं नाही, '--विथ-लिबपीएनजी', '--विथ-लिबटिफ', '--विथ-जेपीईजी', '--विथ-झेडलिब' असं नाव घेऊन सांगितलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर कॉन्फिगर समजतं की असेल तर घे, नसेल तर राहू दे. नाव घेऊन मागितलं तर ते न मिळणं ही एरर ठरते आणि ते थांबतं. मुकाट 'नो'ला बोलता करायचा हा सोपा उपाय. मात्र प्रत्येक प्रकल्पाची स्क्रिप्ट असं वागेलच असं नाही. म्हणून लिबटिफसाठी आम्ही शेवटची यादी ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेनं तपासली आणि जेपीईजीपुढे 'येस' नसेल तर स्क्रिप्ट बंद पाडली.

जुन्या फोल्डरात पुन्हा कॉन्फिगर चालवण्याऐवजी प्रत्येक सोर्स नव्यानं उलगडला. मेक क्लीन कंपाइल झालेल्या फाइली पुसतं, कॉन्फिगरनं घेतलेले निर्णय नाही. त्यासाठी मेक डिस्टक्लीन लागतं. आणि इतके तुकडे जोडल्यावर आधीचं नक्की काय शिल्लक आहे हे आमच्यापैकी कोणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं.

ट्रेनिंगची साधनं : कुठे थांबायचं

रात्रीचं काम सुरळीत झाल्यावर ती दुसऱ्या मागणीकडे वळली. 'मेक ट्रेनिंग' दिल्यावर उत्तर आलं की एरर राहणार नाहीत अशा रीतीनं प्रकल्प पुन्हा कॉन्फिगर करा. कॉन्फिगरचं आउटपुट उलटं चाळलं तेव्हा इशारे सापडले : आयसीयू (युनिकोड मजकुराची लायब्ररी) ५२.१ किंवा पुढची लागेल, सापडली नाही, ट्रेनिंगची साधनं तयार होणार नाहीत. तसंच पँगो या अक्षरमांडणीच्या लायब्ररीसाठी. पुन्हा तेच. इशारा पहिल्या दिवसापासून तिथे होता, आम्ही तो वाचला नव्हता.

आता प्रश्न होता तो किती खोल उतरायचं याचा. आयसीयू एकटी कंपाइल करता येते, वेळ लागतो इतकंच. पण पँगोच्या खाली ग्लिब, हार्फबझ, फ्रीबिडी, फॉन्टकॉन्फिग, कैरो असा गोतावळा आहे, आणि त्यांतले काही मेसॉन ही वेगळीच बिल्ड पद्धत वापरतात. तिची तयारी होती. 'सर, एवढं केलंच आहे तर...' हे वाक्य मी बिल्डच्या कामात फार वेळा ऐकलंय, स्वतः म्हटलंयही.

तेव्हा कुठे तो पहिल्या दिवशी न विचारलेला प्रश्न निघाला. ट्रेनिंग सर्व्हरवरच का करायचं? ट्रेनिंगमधून निघतं ते 'मार.ट्रेनडडेटा' अशा नावाची एक डेटा फाइल. ती कुठल्याही मशीनवर तयार करता येते आणि दुसरीकडे नुसती कॉपी करता येते. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर उबुंटू होतं आणि तिथे रूटही तीच होती.

लॅपटॉपवर तिनं एपीटी या उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेनं लेप्टोनिका, आयसीयू, पँगो, कैरो यांची डेव्ह पॅकेजं बसवली, टेसरॅक्ट कॉन्फिगर केलं, आणि संध्याकाळपर्यंत ट्रेनिंगची साधनं तयार होती. सर्व्हरवर आठवडा खाल्लेलं काम. (तिथेही एक ठेच लागलीच : तिनं शिकवायला 'फास्ट' संचातलं मराठी मॉडेल घेतलं होतं. ते पूर्णांकांत रूपांतरित केलेलं असतं, पुढे शिकवता येत नाही, त्यासाठी 'बेस्ट' संचातलं घ्यावं लागतं. पण ही एरर स्पष्ट शब्दांत येते, पाच मिनिटांत सुटली.)

काकांनी तपासलेल्या ओळींवर मॉडेल शिकवलं गेलं. दऱ्या आणि वाऱ्या बऱ्याच सुधारल्या. काही जोडाक्षरं अजून अडतात.

वेगळं काय करता आलं असतं

टेसरॅक्टला लेप्टोनिका १.७४ पुरते, आणि सर्व्हरवर १.७९ आधीपासून बसलेली होती. आम्हाला लेप्टोनिका कंपाइल करायची गरजच नव्हती. 'नव्याला नवंच लागतं' हा समज कोणी तपासला नाही. कॉन्फिगरनं पहिल्याच एररमध्ये लिबलेप्टोनिका-डेव्ह या पॅकेजचं नाव घेऊन उपाय सांगितला होता. सरांना त्याच दिवशी या एका पॅकेजसाठी मेल गेला असता, तर उत्तराची वाट बघण्यात गेले असते तेच दिवस गेले असते, पण मधलं बांधकाम झालं नसतं. आम्ही मेल टाकला तो आठवड्यानं, आणि त्यात अकरा पॅकेजांची यादी होती. अकरा पॅकेजांची यादी बघून कुठलाही सर्व्हरवाला ती उद्यावर ढकलतो.

पहिली चाचणीही चुकीच्या जागी झाली. काम क्रॉनमधून चालणार होतं, तर पहिलं पान क्रॉनमधूनच चालवायला हवं होतं, किंवा निदान 'एन्व्ह -आय' लावून, म्हणजे टर्मिनलची सगळी चलं बाजूला ठेवून. लिबटिफची उणीवही पहिल्याच दिवशी दिसली असती, जर चाचणीला एक आतलं पान आणि एक मुखपृष्ठ घेतलं असतं. आम्ही सोपं पान घेतलं, कारण आम्हाला ते चालायला हवं होतं.

चित्रांच्या लायब्ररी स्वतः कंपाइल करण्याच्या निर्णयावर आमच्यात अजून मतभेद आहेत. तिला वाटतं तो वेळ वाया गेला नाही, कारण आता तिला कुठल्याही बिल्डचा कॉन्फिग.लॉग वाचता येतो. मला वाटतं वाचनालयाचं काम हे शिकण्याचं मैदान नव्हतं आणि मी तिला लवकर थांबवायला हवं होतं. शिवाय स्वतः कंपाइल केलेल्या लिबटिफला सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळत नाहीत, ती जबाबदारी आपल्यावर येते. बाहेरून आलेल्या फाइली उघडणाऱ्या लायब्ररीच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही.

सध्याची स्थिती

मेल टाकल्यापासून सोळाव्या दिवशी, परीक्षा संपल्यावर, सर्व्हरवाल्या सरांनी डेव्ह पॅकेजं बसवून दिली. विद्यार्थिनीनं सिस्टिमच्या लेप्टोनिकावर टेसरॅक्ट पुन्हा कंपाइल केलं, क्रॉनमधून एक आतलं पान आणि एक मुखपृष्ठ चालवून पाहिलं, आणि 'साधने'मधलं बाकी सगळं काढून टाकलं. काढण्याआधी तिची शेल स्क्रिप्ट आणि सगळे कॉन्फिग.लॉग तिनं एका फोल्डरात जपून ठेवले आहेत.

रात्रीच्या कामाची पहिली ओळ अजून तीच आहे : टेसरॅक्टची आवृत्ती आणि त्याखालची लायब्ररींची नावं लॉगमध्ये छापणं. त्या ओळीत लिबटिफ किंवा लिबपीएनजी दिसलं नाही तर पुढचं काम सुरूच होत नाही, आणि काकांना सकाळी प्रुफांऐवजी तिचा मेसेज जातो.